तलावाची पाळ आणि चौदा विद्यार्थी

"म्हणजे बागा लावायला शिकवता तुम्ही!"

माझा व्यवसाय सांगितला की समोरची व्यक्ती हमखास हे वाक्य उच्चारते. लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे हाच अनुभव. माझ्या एका मावसबहिणीने तर तिच्या गच्चीतला मोगरा का फुलत नाही हे पाहण्यासाठी मला मुद्दाम पुण्याहून ठाण्याला बोलावून घेतले होते. मी गेले, मोगऱ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, माती उकरून पाहिली आणि परत आले. मोगरा काही फुलला नाही. तेव्हापासून तिची माझ्या पदवीवरची श्रद्धा उडाली ती उडालीच.

आमच्या विद्येचे नाव लँडस्केप आर्किटेक्चर. मराठीत हवे तर भूदृश्यरचना म्हणा. इमारत बांधणारा वास्तुविशारद चार भिंतींच्या आतले पाहतो. आम्ही भिंतीच्या बाहेरचे पाहतो. पाणी कुठून येते नि कुठे जाते, उतार कोणत्या बाजूला आहे, सावली कुणाला हवी आहे, माणसे कोणत्या वाटेने चालतात, गुरे कोणत्या वाटेने जातात, या सगळ्याचा मेळ घालायचा, हे आमचे काम. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ साली स्पर्धेत निवडला गेला. तो करणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, हे आमच्या धंद्याचे मूळपुरुष. हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचे शिक्षण १९०० साली सुरू झाले, तर आपल्याकडे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये ते १९७२ साली आले. पुढे अहमदाबाद, पुणे अशा ठिकाणीही अभ्यासक्रम निघाले. दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी २०१८ साली लोकांना खुली झाली. तिच्या रचनेमागे मोहम्मद शहीर या प्राध्यापकांचा हात होता, आणि या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यांनी घडवल्या.

पण आज मला दिल्लीची किंवा न्यूयॉर्कची गोष्ट सांगायची नाही. मला सांगायची आहे ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एका लहान गावाची आणि तिथे जाऊन आपले कागद फाडून परत आलेल्या चौदा विद्यार्थ्यांची. गावाचे नाव देत नाही. गावकऱ्यांचीच तशी इच्छा आहे. "नाव छापाल तर उद्या लोक मोटारी घेऊन पाहाले येतीन," असे त्यांचे म्हणणे!

चांद्याचा परकोट

आमच्या अभ्यासक्रमात 'स्टुडिओ' नावाचा एक प्रकार असतो. नावाने फसू नका. स्टुडिओ म्हणजे सहा महिन्यांचे एक प्रत्यक्ष काम. एखादी जागा निवडायची, तिथे जाऊन मोजमाप घ्यायचे, माणसांशी बोलायचे, आराखडा करायचा आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे, म्हणजे 'जूरी'पुढे, तो मांडायचा. जूरी म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळते. तीन रात्री जागून काढलेल्या नकाशाकडे परीक्षक अर्धा मिनिट पाहतात आणि विचारतात, "उत्तर दिशा कुठे आहे?"

मी पुण्याला पाहुणी अध्यापिका. २०२३ च्या डिसेंबरात माझ्याकडे चौदा मुलामुलींचा स्टुडिओ आला. चंद्रपूर मी सुचवले, त्यालाही कारण होते. अठरा वर्षांची असताना मी मूलजवळ सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते. दर मे महिन्यात तिथे देशभरातली तरुण मुले जमतात, पहाटे उठतात, फावडे-घमेले घेऊन मातीकाम करतात. सदाशिव पेठेतल्या माझ्या हाताला पहिले फोड तिथे आले. आयुष्यात पुढे पुष्कळ शिकले, पण उतार म्हणजे काय हे मला त्या छावणीत, पाण्याचा पाट खणताना कळले होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातालाही फोड यावेत अशी माझी मनीषा होती, असे म्हणा ना!

पहिले दोन दिवस चंद्रपूर शहरात गेले. गोंड राजांनी बांधलेला परकोट अजून शहराभोवती उभा आहे. सुमारे अकरा किलोमीटरचा तो घेर. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर अशा चार वेशी, आणि शिवाय लहान लहान खिडक्या. झुडपांनी नि कचऱ्याने गिळलेला हा परकोट इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ सालापासून रोज सकाळी श्रमदान करून साफ केला. पंतप्रधानांनीही त्याच वर्षी आकाशवाणीवरच्या भाषणात त्या कामाचा उल्लेख केला होता. भिंतीवरून चालताना एका बाजूला दाट वस्ती, दुसऱ्या बाजूला झरपट आणि इरई नद्यांचा प्रदेश, आणि दूरवर औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. कोळशाच्या उघड्या खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर तर असे, की आमच्या एका मुलाने त्यांना खरोखरीचे डोंगर समजून त्यांची नावे विचारली.

तिसऱ्या दिवशी चिचपल्लीला गेलो. तिथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबू चिरायचा कसा, सांधायचा कसा, कोवळा बांबू तोडला तर त्याला भुंगा कसा लागतो, हे तिथे समजले. चौदांपैकी अकरा जणांनी बोटे कापून घेतली. उरलेल्या तिघांनी बांबूला हातच लावला नव्हता.

साडेतीनशे वर्षांचे पाणी

आता तलावाची गोष्ट.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे म्हणजे तलावांचा प्रदेश. हजारो तलाव आहेत तिथे. त्यांना सरकारी भाषेत 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' म्हणतात. पहिल्या दिवशी आमच्या मुलींना वाटले, कुणाच्या तरी मामाने तलाव बांधला! हे तलाव दोनशे-तीनशे, क्वचित त्याहूनही अधिक वर्षांपूर्वीचे. गोंड राजांच्या काळात, जो कुणी तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. कोहळी समाजातील लोक या कामात विशेष निष्णात. यंत्र नाही, नकाशा नाही. पावसाळ्यात पाणी वाहताना पाहायचे आणि दोन उंचवट्यांच्या मधोमध मातीची पाळ घालायची. इकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो पडतो चार महिन्यांत, आणि त्यातही ऐन धानाच्या वेळी दोन-तीन आठवडे दडी मारतो. धानाला तर पाय पाण्यात हवेत. तेव्हा पावसाने दडी मारली की तलावाचे पाणी सोडायचे. या एका सूत्रावर इथले जीवन चालत आले.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. परंतु मालगुजार गावाकडून सक्तीने का होईना जी डागडुजी करवून घेई, ती कुणी करायची, हा प्रश्न मागे उरला. गाळ साचत गेला, पाटांवर अतिक्रमणे झाली, आणि काठाला बेशरमची झुडपे माजली. बेशरम हे झाडाचे नाव आहे बरे का! कितीही तोडा, पुन्हा फुटते. गावकऱ्यांनी नाव ठेवण्यात काही कसूर केलेली नाही.

आमच्या गावचा तलाव बारा-एक एकरांचा. गावकरी तो साडेतीनशे वर्षांचा म्हणतात. ग्रामपंचायतीने तलावाच्या कामासाठी थोडा निधी बाजूला ठेवला होता आणि "काय करावे ते सांगा" म्हणून आम्हाला बोलावले होते.

मुलांनी झपाटल्यासारखे काम केले. ड्रोन उडवला. तो उडताना पाहून शाळा आपोआप सुटली. लेव्हल यंत्र लावून पाळीची उंची दर दहा मीटरवर मोजली. नावेतून फिरून खोली घेतली. इथे आम्हाला गुरू भेटली ती एक ढिवर समाजातली आजी. साठ वर्षे या तलावात मासे धरलेली. मुले दोरीला दगड बांधून खोली मोजत होती आणि ती काठावर बसून तंबाखू मळत हसत होती. शेवटी तिने विचारले, "काय शोधता जी?" सांगितल्यावर तिने बसल्या जागेवरून बोट दाखवत साऱ्या तलावाचा नकाशा सांगितला. पाण्याखालच्या जागांना नावे होती! हा डोह, ही खडकाची जागा, इथे पूर्वी शिंगाडे होत, तिथे कमळ, पलीकडच्या उथळ पाण्यात देवधान उगवे आणि त्यात माशांची पिल्ले वाढत. आमचा दोन दिवसांचा नकाशा नि तिचा पाच मिनिटांचा नकाशा ताडून पाहिला, तर एका हाताचाही फरक निघाला नाही.

पुण्याला परतून मुलांनी आराखडा केला. काय देखणा होता म्हणून सांगू! काळ्या दगडाचा अर्धवर्तुळाकार घाट, पाळीवरून फिरायची फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना सावलीची झाडे, बसायला बांबूचे मंडप, आणि तलावाच्या वरच्या अंगाला जी 'मोकळी' हिरवी जागा ड्रोनच्या चित्रात दिसत होती तिथे मुलांचे क्रीडांगण. मी खूश झाले. इतकी की एका राष्ट्रीय स्पर्धेत तो पाठवायचे मी परस्पर ठरवून टाकले, आणि मुलांना तसे सांगूनही मोकळी झाले. ही चूक माझी. ती इथे नमूद करणे मला प्राप्तच आहे.

म्हैस कुठून उतरेल?

फेब्रुवारीत आम्ही आराखडा घेऊन गावात गेलो. समाजमंदिरात नकाशे लावले. सगळे गाव जमले. मुलांनी नीट तयारी करून मराठीत माहिती सांगितली. टाळ्या झाल्या. चहा झाला. मग तीच आजी उठली आणि नकाशाजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिली.

"पोरीहो, लय सुंदर काढलं. पन म्हैस कुठून उतरन?"

हशा पिकला. मुलेही हसली. पण प्रश्न खरा होता. घाटाच्या जागी गावची साठ-सत्तर जनावरे पाण्यावर उतरत असत.

मग प्रश्नांची रीघच लागली. एका वृद्ध शेतकऱ्यांनी क्रीडांगणावर बोट ठेवून विचारले, "मॅडम, राग नका येऊ देऊ जी, पन हा तर पान्याचा रस्ता हाये. इथं खेळाचं मैदान केलं तर तलाव भरन कशानं?" ती हिरवी 'मोकळी' जागा म्हणजे तलावाची येण्याची वाट होती. डिसेंबरात ती कोरडी असते. पावसाळ्यात जंगलाकडचे सारे पाणी तिथूनच तलावात उतरते. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "पाळीवर मोठी झाडं नका लावू. मूळ आत जाते, झाड मेलं का मूळ सडते, अन् त्या भोकातून पानी वाट काढते." मी वीस वर्षे वृक्षारोपण शिकवते आहे. मी मान खाली घालून ते टिपून घेतले.

पण खरा घाव पुढेच होता, आणि तो आमच्याच यंत्राने घातला. आमच्यात लातूरची एक अबोल मुलगी होती. ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, मला एक गोष्ट बोलायची आहे. मला वाटत होतं माझं मोजमाप चुकलंय, म्हणून मी तीनदा आकडे तपासले."

तिने पाळीचा उभा छेद भिंतीवर लावला. मातीच्या तलावाला सांडवा असतो. तलाव भरला की जादा पाणी त्यावरून निघून जाते. पाळीचा माथा सांडव्यापेक्षा पुरेसा उंच असावा लागतो. कारण पाणी एकदा मातीच्या पाळीवरून वाहू लागले की ती पाळ तासाभरात कापली जाते आणि तलाव फुटतो. काही वर्षांपूर्वी, जास्त पाणी साठावे म्हणून, कुणीतरी सांडव्यावर दीड फूट काँक्रीट चढवले होते. इकडे गुरांच्या येण्याजाण्याने पाळ एका ठिकाणी खचत गेली होती. तिच्या आकड्यांप्रमाणे त्या ठिकाणी पाळ आणि सांडवा यांच्यामध्ये उरली होती फक्त एक वीत.

समाजमंदिरात शांतता पसरली. पाळीखाली सव्वाशे एकर धान होते आणि धानाच्या अलीकडे अकरा घरे होती.

घाट नि फरसबंदीवर तो निधी खर्च झाला असता, तर मी स्वतः उभी राहून त्या एका वितीवर दगडी फरशी बसवून घेतली असती. रात्री मला झोप लागली नाही.

कागद फाडले

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितले की स्पर्धेतून आराखडा मागे घेत आहे आणि आता काम एकच, पाळ नि सांडवा. सगळ्यांना पटले असे नाही. ठाण्याचा एक हुशार मुलगा, घाटाची सारी रचना ज्याची होती तो, सरळ म्हणाला, "मॅडम, आमच्या पोर्टफोलिओत आम्ही काय दाखवायचं? मातीचा ढिगारा? नोकरी द्यायच्या वेळी पाळ कुणी बघत नाही."

त्याचे बोलणे मला लागले, कारण ते खोटे नव्हते. त्याच्या वडिलांनी कर्ज काढून त्याला शिकवले होते. चकचकीत नकाशे पाहूनच नोकऱ्या मिळतात, हे मलाही ठाऊक होते. मी त्याला उत्तर दिले नाही. दिले असते तर ते उपदेशासारखे झाले असते.

परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला गेलो. धानोरा तालुक्यातले हे गोंडांचे छोटे गाव. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून आपल्या बांबूची विक्री गाव स्वतः करू लागले. गावाचे निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत बोलणे चालू राहते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यास-मंडळे चालत आली. आधी विषय समजून घ्यायचा, आणि निर्णय मग ग्रामसभेत घ्यायचा, अशी ही पद्धत. आमच्या मुलांना तिथे एकच गोष्ट लक्षात राहिली: अभ्यास करणारे निराळे आणि निर्णय करणारे निराळे असे त्या गावाने ठेवलेले नाही. ठाण्याचा मुलगा गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होता.

आमच्या गावातही मग बोलणे सुरू झाले आणि ते मुळीच सोपे नव्हते. सांडव्यावरचे काँक्रीट पूर्ण काढले तर साठा कमी होणार. पाटाच्या शेवटी ज्यांच्या बांध्या आहेत ते म्हणाले, आमच्यापर्यंत पाणी पोचणार नाही. वरच्या अंगाला ज्यांची शेती बुडते ते म्हणाले, काढाच. खालच्या अकरा घरांतल्या बायका आधी बोलेनात. बोलू लागल्या तेव्हा दोन्ही पक्ष गप्प झाले. तीन बैठका झाल्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना मी विनंती केली. त्यांनी स्वतः येऊन आमचे आकडे तपासले, चार ठिकाणी दुरुस्त केले आणि तोडगा सुचवला. काँक्रीट एक फूट उतरवायचे, सांडवा रुंद करायचा, आणि पाळ सगळीकडे एका पातळीला आणायची. मातीसाठी बाहेर जायचे नाही. तलावातला गाळ शेतात जाईल आणि खालची चिकणमाती पाळीवर. साठा उंचीत गेला तेवढा खोलीत परत मिळेल. यावर सहमती झाली. मग जिल्हा परिषदेची परवानगी आली आणि मे महिना उजाडला.

हाताचे फोड

चंद्रपूरचा मे! देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत चंद्रपूरचे नाव असते आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी तिथे कुणाला नवल वाटत नाही. मोठे खोदकाम यंत्राने झाले, पण पाळीवरची माती थराथराने पसरणे, पाणी शिंपून धुमसणे, उतार धरणे आणि सांडव्याखाली दगड रचणे हे हाताचे काम होते. सकाळी सहा ते दहा. त्याआधी बाहेर पडायचे नाही अशी गावाची ताकीद, कारण जंगल लागून आहे आणि वाघ इथे गोष्टीतला नव्हे. तेंदूपानाचा हंगाम चालू होता. पानांना गेलेली माणसे घरी परतेपर्यंत बायकांचा जीव थाऱ्यावर नसे. कधी एकटे जायचे नाही, वाकून काम करताना एकाने उभे राहायचे, हे नियम आमच्या मुलांनी कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चटकन शिकले.

पहिल्या दिवशी मुलांनी रचलेले दगड संध्याकाळी गवंडीकाकांनी पायाने ढकलले. ते गडगडत खाली गेले. "दगडाचं तोंड पाहा, पाठ पाहा, मग ठेवा," एवढेच बोलून ते घरी गेले. आठव्या दिवशी त्यांनी पुन्हा पाय लावला. दगड हलला नाही. "आता जमलं," असे ते म्हणाले. ती खरी जूरी. उत्तर दिशा त्यांनी विचारली नाही.

रात्री समाजमंदिरात मुलींच्या हातांना हळद-तेल लावायला आजी येई. घरून फोन येत: "जेवलीस का? पंखा आहे का?" एका मुलीच्या आईने मला फोन करून विचारले, "बाई, आम्ही हिला आर्किटेक्ट करायला पाठवली ना?" मी म्हटले, "हो. तेच चालू आहे."

घाटापैकी शेवटी उरली ती एक गोष्ट. गुरांसाठी दगडी उतरण आणि तिच्या बाजूला, पाण्याच्या वरच्या अंगाला, बायकांना धुण्यासाठी सहा सपाट दगड. ते कुठे नि किती अंतरावर हवेत हे बायकांनी स्वतः बसून दाखवले. त्या दगडांचा नकाशा ठाण्याच्या मुलाने काढला. त्याच्या अर्धवर्तुळाकार घाटाचा तेवढाच तुकडा शिल्लक राहिला होता. आजीच्या सांगण्यावरून काठची बेशरम मुळासकट काढली आणि शेजारच्या तलावातून कमळाचे कंद नि देवधान आणून उथळ पाण्याच्या जागी लावायचे ठरले. गोंदिया-भंडाऱ्याकडे ढिवर बायकांनी अशाच तऱ्हेने तलावांतल्या मूळच्या पाणवनस्पती परत आणल्या आहेत नि त्यांबरोबर मासेही. ते काम आम्हाला वाट दाखवायला होतेच.

जुलैची रात्र

२०२४ च्या जुलैत चंद्रपूर-गडचिरोलीत अतिवृष्टी झाली. वर्तमानपत्रे पुराच्या बातम्यांनी भरली होती. रात्री दहाला मला गावातून फोन आला. "मॅडम, पानी चढून राह्यलं." मागे पावसाचा आवाज इतका, की पुढचे काही ऐकूच येईना.

मी मुलांच्या गटाला निरोप टाकला. कुणी परीक्षेच्या अभ्यासात, कुणी घरी. कुणीच झोपले नाही. पुण्यात बसून आम्ही करणार काय? पण त्या रात्री चौदा घरांत मूल तालुक्यातल्या एका पाळीची काळजी जागी होती. एक वाजता दुसरा फोन. नवीन भरावाचा एक कोपरा घसरला होता. बाहेरच्या अंगाची माती आम्ही पुरेशी धुमसली नव्हती. मुलांचा शेवटचा दिवस होता तो नि सगळे थकले होते. गावकरी कंदील नि बॅटऱ्या घेऊन धावले. धानाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरभरून त्यांनी तो कोपरा धरून ठेवला.

पहाटे पाचला तिसरा फोन आला. फोनवर आजी होती. तिला ऐकू कमी येते, त्यामुळे ती ओरडतच बोलते.

"बाई! सांडव्यावरून चाललं पानी! हातभर चाललं! वरून नाई आलं!"

सांडवा भरभरून वाहत होता आणि पाळ कोरडी होती. ती जुनी एक वीत असती तर काय झाले असते याचा हिशेब आम्ही कुणी केला नाही. करायची गरज नव्हती.

लातूरची मुलगी त्या दिवशी कॉलेजात आली ती थेट माझ्याकडे. म्हणाली, "मॅडम, मी डिसेंबरात आकडे बघूनही फेब्रुवारीपर्यंत गप्प राहिले. सगळ्यांचा घाट इतका छान होता, की मला बोलायची भीती वाटली." मी तिला काय सांगणार? तिचा घाट कौतुकाने डोक्यावर घेऊन नाचणारी मीच होते. ती बोलू शकली नाही यात तिच्याइतकाच माझाही दोष. तेव्हापासून दर स्टुडिओच्या पहिल्या दिवशी मी मुलांना सांगते की माझ्या कौतुकावर विश्वास ठेवू नका, आकडा आडवा आला तर मला थांबवा.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. रोवणी साधली होती, धान कापणीला आले होते. कमळाचे बरेच कंद कुजले होते. देवधान मात्र चांगले धरले होते. घसरलेला कोपरा गावाने आपल्या हाताने पुन्हा भरला होता, आमच्यापेक्षा नीट. सहा दगडांवर धुणे चालले होते. म्हशी उतरणीवरून पाण्यात जात होत्या, आणि आजीने मुद्दाम आम्हाला तिकडे वळवून दाखवले, "पाहा, आता उतरते का नाई?"

ठाण्याच्या मुलाला पुढे नोकरी लागली. मुलाखतीच्या वेळी त्याच्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर काय होते, हे त्याने मला कळवले. मातीच्या पाळीचा उभा छेद. परीक्षकांनी विचारले, "यात डिझाइन कुठे आहे?" तो म्हणे अर्धा तास बोलत होता.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्यापैकी कित्येकजण गावी जातील. गावाबाहेर एखादा तलाव असेल, नाहीतर बारव, नाहीतर ओढ्याचा जुना बांध. पणत्या लावून झाल्या की मुलांना घेऊन एकदा तिकडे फिरून या. पाणी कुठून येते आणि भरल्यावर कुठून जाते, एवढे दोनच प्रश्न तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. माझ्या विद्येची सुरुवात या दोन प्रश्नांपासून होते. आणि मोगऱ्याचे म्हणाल, तर त्यासाठी मला बोलावू नका. तो मला अजूनही जमत नाही!